खोडव्याची मुळं वीतभरच का थांबली? दबलेल्या काळ्या रानाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृष्णाकाठची भारी काळी जमीन, साडेतीन फुटी सरी, को 86032 या उसाच्या वाणाची लागण. लागणीचा ऊस चांगला गेला, पण तोडणीच्या आठवडाभर आधी पाणी दिलेलं होतं आणि भरलेल्या ट्रॉल्या फडातून फिरल्या. आता खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळट दिसतो, कांड्या आखूड आहेत. एक बुडखा उकरून पाहिला तर मुळं वीतभर खाली जाऊन आडवी पसरलेली. माती परीक्षणात स्फुरद आणि पालाश दोन्ही भरपूर. दुकानदार म्हणतो खत वाढवा, शेजारी म्हणतात उभ्या खोडव्यातच सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारा खोल फाळ, घाला. यातलं काय करावं?

माझं उत्तर: या घडीला दोन्ही नको. खत वाढवून पैसा जाईल, आणि ओल्या रानात सबसॉयलर घातला तर आजार आणखी खोल जाईल. रान दबलं ते ओलीत ओझं आल्यामुळे, आणि ते मोकळं होईल ते आधी वाळू दिल्यावरच. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे समजलं की पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी मुळाकडे बघू. मूळ वाढतं ते टोकाशी. टोकापुढे आपल्याइतकी रुंद पोकळी असेल तर ते सहज जातं, नसेल तर मातीचे कण बाजूला सारावे लागतात. असा जोर लावायची मुळाची ताकद पिकानुसार साधारण अर्धा ते एक मेगापास्कल असते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर 5 ते 10 किलो. मातीचा कठीणपणा मोजायची टोकदार दांडी, म्हणजे पेनेट्रोमीटर, 2 मेगापास्कलच्या वर आकडा दाखवू लागली की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. या दोन आकड्यांत तफावत दिसते त्याचं कारण असं की लोखंडी दांडी मातीला घासत सरळ जाते. मुळाच्या टोकाला बुळबुळीत आवरण असतं आणि ते वाट पाहून वळूही शकतं. पण वळायलाच जागा नसेल तर ते जाड होतं, आखूड राहतं, आडवं धावतं आणि बाजूला फाटे फोडत बसतं. तुम्ही पाहिलेली मुळं नेमकी तशी आहेत.

यात अलीकडे एक मोलाची भर पडली आहे. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं. मुळं सतत थोडा इथिलीन वायू सोडत असतात. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांमधून निघून जातो. घट्ट मातीत तो मुळाभोवतीच कोंडतो, आणि तो साठला की मूळ लांब व्हायचं थांबून जाड होऊ लागतं. ज्या भातरोपांना इथिलीनची जाणीवच होत नाही अशा रोपांची मुळं त्याच घट्ट मातीत पुढे गेली. म्हणजे मुळाची ताकद संपण्याच्या आधीच त्याला ‘इथं थांब’ असा निरोप मिळालेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला अर्थ मोठा आहे: मातीतून हवा खेळती राहणं हे कठीणपणाइतकंच महत्त्वाचं.

आता हवेचा हिशेब. मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण 2.65 धरतात. चांगल्या काळ्या रानात सुकी माती दर घन सेंटिमीटरला 1.25 ग्रॅम भरते, म्हणजे 53 टक्के पोकळी. दबलेल्या थरात तीच 1.45 झाली तर पोकळी 45 टक्क्यांवर येते. फरक 8 टक्क्यांचाच दिसतो, पण ही पोकळी जवळजवळ सगळी मोठ्या छिद्रांची गेलेली असते, आणि पाण्याचा निचरा, हवा, मुळांची वाट या तिन्ही गोष्टी मोठ्या छिद्रांवरच चालतात. बारीक छिद्रं उरतात ती पाणी धरून ठेवतात. पाण्यातून ऑक्सिजन सरकायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी. पाणी दिलं की आठ-आठ दिवस तो थर गुदमरतो. जिवाणू नत्राचा वायू करून उडवतात, पानं पिवळी पडतात. मग तो थर वाळू लागला की इतका कठीण होतो की मूळ शिरत नाही. ओलं असताना हवा नाही, सुकलं की वाट नाही. चांगल्या रानात या दोन टोकांच्या मध्ये मुळांना वाढायला बरेच दिवस मिळतात, दबलेल्या रानात ते दिवस थोडेच उरतात. म्हणून पाणी दिलं की खोडवा पिवळा आणि पाणी लांबलं की दुपारी माना टाकलेला, असं दोन्ही एकाच रानात दिसतं. पुष्कळ जण याला पाण्याची टंचाई समजून पाळ्या जवळ आणतात आणि दुखणं वाढवतात.

खताचंही तेच. नत्र पाण्याबरोबर मुळापर्यंत येतं. स्फुरद मात्र जागचं फारसं हलत नाही, मुळालाच त्याच्याजवळ जावं लागतं. मुळं वीतभरातच अडकली तर खालचा साठा कागदावर राहतो. तुमचा माती परीक्षण अहवाल खोटा नाही. तो मातीत काय आहे ते सांगतो, मुळांच्या हाती काय लागतं ते सांगत नाही.

उष्ण प्रदेशातल्या जमिनींची गोष्ट इथं वेगळी होते. थंड देशांत हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरचा थर दरवर्षी काही प्रमाणात मोकळा होतो. आपल्याकडे ती सोय नाही. शिवाय उष्णतेमुळे सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, त्यामुळे कण बांधून ठेवणारा डिंकच कमी. मात्र काळ्या जमिनीला एक देणगी आहे. तिच्यातली चिकणमाती ओलीत फुगते आणि सुकली की आक्रसते, भेगा पडतात. दोन-तीनदा नीट ओली होऊन नीट वाळली की दबलेली काळी माती बऱ्याच अंशी स्वतःच फुटते. मराठवाड्यात-विदर्भात कोरडवाहू कापसाच्या, तुरीच्या रानाला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात. त्या भेगा पाहून काळजी वाटते खरी, पण रानाची दुरुस्ती तिथेच होत असते.

बागायती उसाच्या रानाला ही संधीच मिळत नाही. लागण, खोडवा, निडवा (खोडव्यानंतरचा दुसरा खोडवा), लगेच पुन्हा लागण. बारा महिने ओल. जमीन वाळत नाही, भेगाळत नाही, आणि दरवर्षी तोडणीला तिच्यावर टनावारी वजन फिरतं. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात उसाचं उत्पादन घसरण्याच्या चर्चेत बियाणं, खत, हवामान यांवर खूप बोललं जातं. या न वाळणाऱ्या जमिनीवर फार कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोकणातली जांभ्यावरची तांबडी माती याच्या उलट. ती फुगत नाही, भेगाळत नाही, त्यामुळे एकदा दबली की आपली आपण सुटत नाही. तिथं भातासाठी चिखलणी करून आपणच खाली घट्ट थर तयार करतो, कारण पाणी थांबवायचं असतं. भाताला ते चालतं, मागून पेरलेल्या वालाला किंवा हरभऱ्याला नडतं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि नांगरणी बंद करून गादीवाफ्यावर भात घ्यायची सगुणा पद्धत रुजवली. त्यात आधीच्या पिकाची मुळं जागेवरच कुजू देतात आणि त्यांच्या नळ्यांतून पुढच्या पिकाची मुळं उतरतात. तुमच्या उसालाही हे तत्त्व उपयोगी आहे, त्याकडे पुढे येतो.

दाब जमिनीत किती खोल जातो हे दोन गोष्टींवर ठरतं आणि त्यांची गल्लत होते. वरच्या सहा-आठ इंचांचं नुकसान टायरच्या दाबावर अवलंबून असतं: टायर अरुंद आणि हवा जास्त, तर नुकसान जास्त. खालच्या थराचं नुकसान मात्र एका आसावर एकूण किती भार आहे त्यावर ठरतं. टायर रुंद केला तरी ते फारसं टळत नाही. बैलाच्या खुराचा दाब चौरस सेंटिमीटरला ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा कमी नसतो, तरी बैलाने रान खोलवर दबत नाही, कारण एकूण ओझंच थोडं. भरलेली उसाची ट्रॉली 10 टनांच्या आसपास जाते आणि तिचे टायर रस्त्यासाठी कडक फुगवलेले असतात. म्हणजे वरचं नुकसानही आणि खालचंही. मोठं तोडणी यंत्र तर रिकामंच 10 टनांच्या पुढे. एका आसावर 5-6 टनांपेक्षा जास्त भार ओल्या काळ्या रानात आला की दाब दीड फुटाच्या खाली पोचतो. आणि त्या खोलीवरचा घट्टपणा कुळवाने, नांगराने, रोटाव्हेटरने निघत नाही. बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होऊन जातं, हेही लक्षात ठेवा. म्हणून ‘सगळ्या फडात थोडं-थोडं फिरवा, म्हणजे एकाच जागी दाब नको’ हा सल्ला उलटा आहे. एकाच वाटेने दहा वेळा गेलेलं परवडलं.

रोटाव्हेटरबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो आता घरोघरी आहे. त्याची पाती दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर फिरतात. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, नसताना मारला तर पात्यांच्या खालची माती लिंपली जाते आणि पातळ पण गुळगुळीत थर तयार होतो. वरची माती पिठासारखी होते, पहिल्या जोरदार पावसात तिचं कवच बनतं. सोयाबीन उपटून पाहा: सोटमूळ चार-पाच इंचांवर काटकोनात वळलेलं दिसलं तर दोष बियाण्याचा नाही.

आता तुमच्या रानाचं निदान पक्कं करू. पाणी दिल्यावर वाफसा येऊ द्या आणि मग ओळीला आडवा, दोन फूट खोल खड्डा घ्या, असा की एका टोकाला बुडखा येईल आणि दुसऱ्या टोकाला चाक गेलेली सरी. खड्ड्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत दर दोन इंचांवर चाकूचं टोक दाबत या. जिथे हात अडतो तिथे खूण करा, जिथे पुन्हा सुटतो तिथेही. या दोन खुणांमधला तो दबलेला थर, आणि पुढचं सगळं काम त्याच्या खोलीवर ठरणार. त्या थरातलं ढेकूळ हातात घेऊन फोडा. चांगली काळी माती दाणेदार सुटते, दबलेली माती धारदार कडांच्या कपच्यांत फुटते. मुळं त्या कपच्यांच्या मधल्या फटीत चपटी होऊन सरपटलेली दिसतील. माती निळसर-करडी असेल, कुबट वास येत असेल, तर हवा बंद आहे हे नक्की. मग बांधालगत, जिथे कधी चाक गेलं नाही तिथे, तसाच लहान खड्डा घ्या. आपलं रान मुळात कसं होतं ते तिथं दिसेल.

आकडा हवा असेल तर 5 सेंटिमीटर आतल्या व्यासाचा आणि 10 सेंटिमीटर लांबीचा लोखंडी नळीचा तुकडा त्या थरात हलक्या हाताने ठोका. त्यात 196 घन सेंटिमीटर माती बसते. ती 105 अंशांवर पूर्ण वाळवून वजन करा. 275 ग्रॅम भरली तर घनता 1.40. भारी काळ्या मातीत 1.4 च्या पुढे मुळांना त्रास सुरू होतो असं धरून चाला. रेताड जमिनीत ही मर्यादा बरीच वर असते, त्यामुळे दुसऱ्याच्या रानाचा आकडा आपल्या रानाला लावू नका. आणि काळी माती फुगते-आक्रसते म्हणून दोन्ही खड्ड्यांतले नमुने सारख्याच ओलीत घ्या, नाहीतर तुलना फसते.

एक शंका आधीच दूर करा. कृष्णाकाठी कित्येक रानं चोपण झालेली आहेत, आणि चोपण जमीन वरून पाहिली तर दबलेल्या जमिनीसारखीच वागते. पण तिथं कारण सोडियमचं असतं, चाकाचं नसतं. स्वच्छ पावसाच्या पाण्यात त्या थराचं वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ सोडा, हलवू नका. दिवसभरात ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर कण सुटे होत आहेत. मग माती परीक्षणात सामू आणि विनिमययोग्य सोडियम तपासून घ्या. सोडियम 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या पुढे असेल तर आधी निचरा आणि जिप्सम. नुसता सबसॉयलर घातला तर पहिल्याच पाण्यात ती माती पुन्हा लिंपून बसते. पाणी नितळ राहिलं तर आपलं दुखणं दबण्याचंच आहे असं समजून पुढे चला.

या वर्षीच्या खोडव्याला काय करता येईल? मर्यादितच, पण करण्यासारखं आहे. उसाच्या खोडव्यात प्रत्येक नवा फुटवा स्वतःची नवी मुळं काढतो, त्यामुळे आशा असते. पाचट जाळलेलं नसेल तर सरीत तसंच ठेवा. हेक्टरी 8-10 टन पाचट म्हणजे गांडुळांना खाद्य आणि वरच्या थराला सावली. पाण्याच्या पाळ्या जवळ आणू नका. उलट प्रत्येक पाळीआधी खड्ड्यातली ओल बघा, आणि एकाआड एक सरी भिजवा म्हणजे एका बाजूची मुळं तरी श्वास घेतील. ठिबक असेल तर पाणी थोडं-थोडं द्या, पण रात्रंदिवस नको. खत पसरून देऊ नका, पहारीने द्या. खोडव्याच्या शिफारशीत पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांत, बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर आणि 15 ते 20 सेंटिमीटर खोल असतो, दुसरा साधारण 135 दिवसांनी विरुद्ध बाजूला. तुमच्या रानात या पद्धतीचा दुहेरी फायदा आहे, कारण खत दबलेल्या थरात उतरतं आणि पहारीच्या भोकातून थोडी हवा आणि मुळांना वाटही मिळते. मात्रा शिफारशीइतकीच, वाढवायची नाही. बगला, म्हणजे ओळीच्या दोन्ही बाजू, खोल फोडायच्या भानगडीत पडू नका, आहेत ती मुळंही तुटतील.

निडवा ठेवू नका. एवढं माझं ऐकाच. या रानाला आता एक उन्हाळा कोरडा मिळायला हवा.

खोडवा निघाल्यावर पाणी बंद. रान तापू द्या, भेगा पडू द्या. सबसॉयलरची वेळ एप्रिल-मे, आणि तीसुद्धा परीक्षा घेऊन. ज्या खोलीवर फाळ चालणार, म्हणजे दीड फुटावरची माती काढा आणि दोन तळहातांत वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल तर थांबा, माती अजून ओली आहे. त्या ओलीत फाळ लोण्यातून सुरी फिरावी तसा जातो: चीर पडते, बाजूची माती लिंपते, आणि थर तुटत नाही. वळी वळताना तुटली, चुरा झाली, म्हणजे थर उचलला जाऊन फुटेल. फाळ दबलेल्या थराच्या दोन-तीन इंच खाली चालला पाहिजे. थर 14 इंचांवर संपत असेल तर 16-17 इंच. त्याहून खोल घालायची हौस करू नका, डिझेल जातं आणि खालची माती उगीच हलते. दोन चिरांमधलं अंतर फाळाच्या खोलीएवढं, फार तर दीडपट. मागे चालत जाऊन बघा, जमीन चिरेच्या दोन्ही बाजूंना किंचित उचललेली दिसली पाहिजे. नुसती रेघ दिसली तर काम झालेलं नाही, भाडं मात्र द्यावं लागतं.

आणि आता खरा महत्त्वाचा टप्पा, जो बहुतेक जण सोडून देतात. सबसॉयलरने फुटलेली माती आधाराशिवाय असते. लगेच पाणी सोडून लागण केली तर एक-दोन हंगामांत ती पूर्वीपेक्षा घट्ट बसू शकते. त्या फटींत मुळं जायला हवीत. पाऊस सुरू होताच ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्याच्या आधी गाडा. त्याऐवजी वरंब्यावर सोयाबीन घेऊन मागून हरभरा घेतला तरी चालेल. एक वर्ष उसाशिवाय काढणं शक्य असेल तर तूर सर्वांत चांगली. तिचं सोटमूळ खोल जातं आणि कुजल्यावर जी नळी मागे राहते तिच्यातून पुढच्या उसाची मुळं उतरतात. भडसावळ्यांच्या भाताचं तत्त्व इथं असं लागू होतं.

हीच गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या ऊसवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. सलग उसाने उत्पादन खालावलं तेव्हा 1993 मध्ये तिथे संयुक्त संशोधन उपक्रम सुरू झाला. त्यांच्या सऱ्या दीड मीटरच्या आणि यंत्रांच्या चाकांमधलं अंतर सुमारे 1.83 मीटर, त्यामुळे चाक दरवेळी ओळीच्या कडेवर चढायचं. त्यांनी सरी चाकांच्या अंतराला जुळवली, जोडओळ घेतली, चाकांसाठी कायमच्या चाकोऱ्या ठेवल्या, मधे सोयाबीनसारखं द्विदल पीक घातलं आणि नांगरट कमी केली. आपल्याकडे एवढी जमीन नाही, यंत्रं वेगळी आहेत, हे मान्य. पण चाकोरीचं तत्त्व दीड एकरातही चालतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली, तिच्यातही चाक आणि बैल सरीतून चालतात आणि पिकाचा वरंबा मोकळा राहतो.

साडेतीन फुटी सरीत हे बसतच नाही, चाक कुठे ना कुठे बुडख्यावर चढणारच. पुढची लागण पाच फुटी सरीत किंवा जोडओळ पट्टा पद्धतीने करा, ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर टेपने मोजून. रोपं वापरली तर ओळी कमी झाल्या तरी फुटव्यांची संख्या भरून निघते.

शेवटी तोडणीची गोष्ट, कारण दुखणं तिथूनच आलं. भारी जमिनीत तोडणीच्या किमान तीन आठवडे आधी पाणी तोडा. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम मागेपुढे होतो हे खरं, म्हणून नोंदीप्रमाणे तारीख जवळ येऊ लागली की शेतकी विभागाकडे विचारत राहा. टोळी येईल तेव्हा मुकादमाशी पहिल्याच दिवशी ठरवा की ट्रॉली बांधाकडेच्या वाटेवर उभी राहील आणि मोळ्या तिथपर्यंत येतील. लांबच्या ओळींसाठी फडात एक-दोन वाटा खुणा करून द्या आणि गाडी त्यांच्यावरूनच नेऊ द्या. या वाढीव चालण्याची मजुरी टोळीला द्यावी लागेल आणि ती द्यावी, डोक्यावर मोळी घेऊन ते अंतर त्यांनाच तोडायचं असतं. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालाच तर दोन दिवस तोड थांबवायची विनंती करा. ऊस थोडा वाळेल, वजनात तूट येईल. ती तूट एका वर्षाची असते, ओल्या रानात फिरलेल्या ट्रॉलीची तूट पुढचे कितीतरी खोडवे देत राहतात.

खड्डा घेतल्यावर दोन खुणांची खोली, बांधाजवळच्या मातीशी तुलना आणि ढेकळाच्या पाण्याचा रंग एवढं कळवा. त्यावरून फाळ किती इंचांवर लावायचा ते नक्की सांगता येईल.